ब्राउझर एक्स्टेंशनच्या युनिट चाचण्या: नकली 'क्रोम' कसा उभारावा

ब्राउझरचे प्लगइन म्हटले की आता जवळजवळ नेहमी एक्स्टेंशनच अभिप्रेत असते. जावासारखी जुनी प्लगइन ज्या इंटरफेसवर चालत, तो क्रोमने २०१५ मध्येच काढून टाकला. आजचे एक्स्टेंशन म्हणजे साधे जावास्क्रिप्ट असते, तरी त्याची युनिट चाचणी (कोडच्या एकेका छोट्या भागाची स्वतंत्र तपासणी) लिहायला घेतली की सुरुवातीलाच अडते, कारण या चाचण्या ब्राउझरबाहेर नोडमध्ये चालतात आणि तिथे एक्स्टेंशनला ब्राउझरच्या सोयी देणारा 'क्रोम' नावाचा ऑब्जेक्टच अस्तित्वात नसतो. फाइल इम्पोर्ट होताच ती 'क्रोम.रनटाइम'चा शोध घेते, तो लागत नाही आणि एकही चाचणी न चालता सारे कोसळते. म्हणून नकली 'क्रोम' बनवावा लागतो. हा नकली ऑब्जेक्ट म्हणजे ब्राउझर कसा वागतो याविषयीचा आपलाच समज असतो. समज चुकीचा असेल तर कोड चुकीचा असूनही चाचण्या हिरव्या दिसतात. त्यामुळे तो जितका लहान आणि जितका खऱ्यासारखा ठेवता येईल तितका ठेवावा.

उदाहरणासाठी एक छोटे एक्स्टेंशन घेऊ. वाचक पानावरचा मराठी शब्द निवडतो, उजव्या क्लिकच्या मेनूतून तो संग्रहात टाकतो आणि पॉपअपमध्ये संग्रहाची यादी पाहतो. मॅनिफेस्ट (एक्स्टेंशनची माहिती देणारी फाइल) तिसऱ्या आवृत्तीचे आहे, म्हणजे क्रोममध्ये पार्श्वभूमीचे काम सर्व्हिस वर्कर (गरजेपुरती चालणारी स्क्रिप्ट) करतो.

पहिले काम कोड वेगळा करण्याचे. शब्द स्वच्छ करणारे फंक्शन मेनूच्या लिसनरमध्येच (घटना घडली की चालणाऱ्या फंक्शनमध्येच) लिहिलेले असेल, तर ते बाहेर काढून स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवावे. त्याला 'क्रोम'ची गरज नसल्यामुळे नकली काहीही न बनवता त्याची चाचणी होते. मराठीपुरत्या खऱ्या अडचणी बहुतांशी इथेच असतात. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येते, तसेच 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. एनएफसी सामान्यीकरण (अशी समतुल्य लेखने एकाच रूपात आणणे) केले नाही तर डोळ्यांना सारखाच दिसणारा शब्द संग्रहात दोनदा पडतो. दुसरी खोच अधिक त्रासदायक आहे. पुष्कळ संकेतस्थळांवर 'दऱ्या' हा शब्द साधा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशा क्रमाने लिहिलेला असतो. निवडलेल्या मजकुरातली सर्व अदृश्य चिन्हे गाळण्याची सरसकट ओळ कोडमध्ये असेल, तर जोडक जातो आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. एनएफसी इथे कामाला येत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ही दोन लेखने समतुल्य नाहीत. तो क्रम ओळखून त्याजागी 'ऱ' आणि हलन्त घालण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो. या दोन्ही प्रसंगांच्या चाचण्या लिहिताना अक्षरे थेट टंकू नयेत, त्यांचे युनिकोड क्रमांक द्यावेत. नाहीतर एखादा संपादक फाइल जतन करताना ती परस्पर बदलतो आणि चाचणी निरर्थक होते.

आता 'क्रोम'ला प्रत्यक्ष हात लावणारा भाग. 'क्रोम.स्टोरेज'च्या हाका कोडभर विखरू न देता 'शब्द जोड' आणि 'सर्व शब्द दे' अशी दोन-तीन फंक्शन्स असलेल्या एका पातळ मॉड्यूलमध्ये आणाव्यात. जेस्ट आणि व्हीटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या दोन्ही साधनांत 'सेटअपफाइल्स' नावाची सोय आहे. तिथे दिलेली फाइल प्रत्येक चाचणी-फाइलच्या आधी चालते. नकली 'क्रोम' तिथेच 'ग्लोबलदिस'वर (सर्व कोडला दिसणाऱ्या ग्लोबल ऑब्जेक्टवर) बसवावा. मोझिलाचे वेबएक्स्टेंशन-पॉलिफिल (फायरफॉक्सच्या धाटणीचा कोड क्रोममध्ये चालवणारी लायब्ररी) वापरात असेल तर 'क्रोम.रनटाइम.आयडी'ला काहीतरी स्ट्रिंग देणे विसरू नये; ती मिळाली नाही तर आपण एक्स्टेंशनमध्ये नाही असे समजून ते पॉलिफिल लोड होतानाच एरर फेकते.

साठवणुकीसाठी 'गेट'ला ठरावीक उत्तर शिकवलेला मॉक (नकली फंक्शन) वापरण्याचा मोह होतो, कारण तो एका ओळीत तयार होतो. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. असा मॉक आपण शिकवलेलेच परत सांगतो; लिहिलेला शब्द पुन्हा वाचता येतो की नाही, हे त्यातून कधीच कळत नाही. त्याऐवजी आत एक साधा मॅप ठेवून स्मरणशक्ती असलेली नकली साठवण लिहावी. तीस-चाळीस ओळींत काम होते. तिला तीन गोष्टी यायलाच हव्यात. 'गेट'ला एक की, कींचा अ‍ॅरे, डीफॉल्ट मूल्यांचा ऑब्जेक्ट आणि 'नल' हे चारही प्रकार कळले पाहिजेत. 'नल' दिले तर सारेच परत यावे आणि की नसेल तर रिकामा ऑब्जेक्ट यावा. प्रत्येक बदलानंतर 'ऑनचेंज्ड'च्या लिसनरना जुने मूल्य, नवे मूल्य आणि साठवणीच्या विभागाचे नाव मिळाले पाहिजे. आणि मूल्य ठेवताना ते जेसनमधून (साध्या मजकुराच्या स्वरूपातून) जाऊन परत आले पाहिजे. ही तिसरी अट बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. क्रोमची साठवण जेसन स्वरूपात असते, त्यामुळे शब्दांचा 'सेट' (जावास्क्रिप्टमधला पुनरावृत्ती नसलेला संग्रह) त्यात ठेवला तर परत येताना रिकामा ऑब्जेक्ट हाती येतो. नकली साठवणीने मात्र तोच 'सेट' जसाच्या तसा संदर्भाने परत दिला, तर चाचणी उत्तीर्ण होते आणि वाचकाचा संग्रह खऱ्या ब्राउझरमध्ये नाहीसा होतो.

'स्टोरेज.सिंक' (वाचकाच्या सर्व ब्राउझरमध्ये सारखी राहणारी साठवण) वापरणार असाल तर मर्यादाही नकली साठवणीत घालाव्यात: एका नोंदीला ८,१९२ बाइट आणि एकूण १,०२,४०० बाइट. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणून एका कीखाली जेमतेम २,७०० चिन्हे मावतात; काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. स्ट्रिंगच्या 'लेंग्थ'वरून हिशेब केला तर तो तिपटीने चुकतो, तेव्हा 'टेक्स्टएन्कोडर'ने बाइट मोजावेत. मर्यादा ओलांडली की नकली साठवणीने प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराचा ऑब्जेक्ट) नाकारावे आणि आपला कोड तेव्हा वाचकाला काय सांगतो, याची चाचणी घ्यावी.

एक्स्टेंशनचे भाग एकमेकांना जे निरोप पाठवतात, त्यांच्या बाबतीत नकली 'ऑनमेसेज'मध्ये लिसनर नोंदवण्याची आणि चाचणीतून त्याला हाक मारण्याची सोय पुरते. पॉपअपला उत्तर उशिरा द्यायचे असेल तर लिसनरने काय परत केले, हे तपासणे महत्त्वाचे ठरते. फायरफॉक्समध्ये प्रॉमिस परत केले तरी चालते. क्रोमच्या सर्व आवृत्त्यांत चालणारा मार्ग मात्र अक्षरशः 'ट्रू' परत करून नंतर 'सेंडरिस्पॉन्स' बोलावणे हाच आहे. लिसनरला 'असिंक' हा शब्द लावला की तो 'ट्रू'ऐवजी प्रॉमिस परत करू लागतो. म्हणून परत आलेले मूल्य काटेकोरपणे 'ट्रू' आहे, अशी एक ओळीची चाचणी जरूर ठेवावी. तसेच ज्या टॅबमध्ये कंटेंट स्क्रिप्ट (पानात चालणारा एक्स्टेंशनचा कोड) नाही तिथे पाठवलेला निरोप खऱ्या ब्राउझरमध्ये नाकारला जातो, नकली 'टॅब्ज.सेंडमेसेज'ने अधूनमधून नकार दिला नाही, तर तो मार्ग कधीच तपासला जात नाही.

सर्वांत जास्त चुका मात्र सर्व्हिस वर्करच्या आयुष्याशी निगडित असतात. काही काम नसेल तर साधारण ३० सेकंदांत क्रोम त्याला बंद करतो आणि नवी घटना आली की फाइल पहिल्यापासून चालवतो. ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेली यादी आणि 'सेटटाइमआउट'ने लावलेले काम त्यात नष्ट होते. युनिट चाचणीत हे घडवून आणणे वाटते त्याहून सोपे आहे: नकली साठवण तशीच ठेवावी, नोंदवलेले लिसनर पुसावेत, 'रीसेटमॉड्यूल्स' (आधी इम्पोर्ट केलेली मॉड्यूल्स विसरायला लावणारे फंक्शन) बोलवावे आणि पार्श्वभूमीची फाइल पुन्हा इम्पोर्ट करावी. आधीच्या आयुष्यात जोडलेला शब्द नंतरच्या आयुष्यात मिळतो का, आणि इम्पोर्ट पूर्ण होताच मेनूचा 'ऑनक्लिक्ड' लिसनर नोंदलेला असतो का, हे तपासावे. लिसनर एखाद्या 'अवेट'नंतर नोंदवला जात असेल तर वर्करला जागे करणारी घटनाच हुकू शकते. ही चूक एरवी कोड वाचून सहज ध्यानात येत नाही. ठरावीक वेळाने करायची कामे 'क्रोम.अलार्म्स'कडे द्यावीत, क्रोम १२० पासून त्यांचा किमान कालावधी ३० सेकंद आहे.

हे सारे हाताने लिहायचे नसेल तर तयार संच आहेत. सायनन-क्रोम हा मॅनिफेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळातला आहे, नव्या कामासाठी तो घेऊ नये. जेस्ट-क्रोम आणि जेस्ट-वेबएक्स्टेंशन-मॉक हे जेस्टसाठी आहेत. डब्ल्यूएक्सटी ही चौकट वापरणाऱ्यांना तिच्यासोबत मिळणारा 'फेकब्राउझर' सोयीचा आहे, कारण त्यात स्मरणशक्ती असलेली साठवण तयारच असते. कोणताही संच घेतला तरी वरची 'सेट'ची चाचणी त्यावर आधी चालवून पाहावी.

कंटेंट स्क्रिप्टसाठी जेएसडॉम (नोडमध्ये चालणारे नकली वेबपान) पुरते, पण त्यात पानाची मांडणी होत नाही: प्रत्येक घटकाची उंची शून्य येते आणि 'इनरटेक्स्ट' उपलब्ध नसते. तिथे 'टेक्स्टकंटेंट' वापरावे किंवा ती चाचणी ब्राउझरकडे सोपवावी.

शेवटी नकली साठवण खऱ्याशी ताडून पाहायला हवी. तिच्यासाठी लिहिलेल्या अपेक्षा एका फाइलमध्ये ठेवून तीच फाइल पपेटिअर किंवा प्लेराइट या खरा ब्राउझर कोडमधून चालवणाऱ्या साधनांच्या साहाय्याने खऱ्या एक्स्टेंशनच्या पानातही चालवावी. पपेटिअरमधून सर्व्हिस वर्कर मुद्दाम बंद करता येतो, त्यामुळे पुनर्जन्माची चाचणीही तिथे एकदा व्हावी. या चाचण्या संथ असतात, म्हणून मोजक्याच ठेवून प्रत्येक प्रकाशनापूर्वी चालवल्या तरी चालतात. त्यासाठी नेहमीचा क्रोम वापरू नये: १३७ व्या आवृत्तीपासून त्यातून एक्स्टेंशन लोड करण्याचा कमांड-लाइन पर्याय काढलेला आहे. क्रोमियम किंवा क्रोम फॉर टेस्टिंग घ्यावे. तिथे तो अजून चालतो.