खंड ओलांडायला एकटेच सायकलवर निघताय? तयारीतल्या या चुका टाळा

रोज शंभर किलोमीटर सहज होतात, म्हणजे तयारी झाली असं समजू नका. ते शंभर रिकाम्या सायकलवरचे असतात. वीस किलो सामान चढलं की तीच सायकल उतारावर थरथरते, ब्रेक लागायला जास्त अंतर घेते. पूर्ण सामान लादून दोन-तीन मुक्कामांची फेरी आधीच मारा. माझ्या पहिल्या फेरीनंतर जीन्स आणि दुसरं भांडं निमूटपणे कपाटात गेलं.

खरा घात करतं मागचं चाक, कारण बहुतेक भार त्याच्यावरच असतो. टण्ण आवाज करत स्पोक (चाकाची तार) तुटतो, चाकाला आउट येतो म्हणजे ते वाकडं फिरू लागतं, रिम ब्रेकला घासू लागते. तुटलेला स्पोक कॅसेटच्या (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) बाजूचा असेल, तर बहुतेक चाकांत कॅसेट काढल्याशिवाय नवा बसवता येत नाही. लोक जादा स्पोक नेतात, कॅसेट खोलायचं टूल विसरतात! शिवाय मागच्या चाकाच्या दोन बाजूंचे स्पोक सहसा वेगळ्या लांबीचे असतात. दोन्ही मापं घ्या. टूल नसेलच, तर तुटलेल्याच्या शेजारचे, पण चाकाच्या विरुद्ध बाजूचे दोन स्पोक थोडे सैल करा. आउट कमी होतो, गावापर्यंत जाता येतं. मुळात ३६ स्पोकचं चाक घ्या आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर स्पोकचा ताण तपासून घ्या.

विमानाने सायकल नेताना मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, काढून ठेवा. नाहीतर त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, हँगर, वाकतो आणि गिअर नीट पडत नाहीत. हा हँगर फ्रेमप्रमाणे वेगळा असतो, वाटेतल्या दुकानात मिळेलच असं नाही. एक जादा ठेवा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. पॉवर बँक केबिनच्याच बॅगेत.

पॅकिंगसाठी सीट खाली सरकवण्याआधी दांड्यावर टेपने खूण करा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर उंच. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा.

नकाशात नुसतं अंतर मोजू नका. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, समोरून आला तर दिवसाचा हिशेब निम्म्यावर येतो. ऑस्ट्रेलियाच्या नलारबोर भागात काही ठिकाणी दोन रोडहाउसमध्ये (हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंप-खानावळींमध्ये) शंभराहून जास्त किलोमीटर कोरडे जातात, पाणी त्या मापाने भरा. युरोपात शेंगेन देशांत (आपसात सीमेवर तपासणी सहसा नसलेल्या देशांच्या गटात) अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच राहता येतं, आणि हे ९० सगळ्या देशांचे मिळून. मध्येच आठवडाभर बाहेर पडून परत आलात, तर मोजणी नव्याने सुरू होत नाही.