जुन्या पिकअपचा एसी: व्हॅक्यूमचा तो एक तास

आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून जी मुलं गाड्यांच्या एसीकडे वळतायत, त्यांच्यासाठी लिहितोय. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल, लो साइड, हाय साइड हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मलाही येत होतं. तरी एका कॅम्परने मला तीन आठवडे झोपू दिलं नाही.

बोलेरो कॅम्पर, बिनएसीची घेतलेली, नंतर बाहेरून किट बसवलेलं. मालक अण्णा नाशिकहून वाशी मार्केटला टोमॅटो न्यायचे. जुलै महिना, हवेत नुसता ओलावा. कंडेन्सरच्या जोडाला तेलाचा डाग होता, साबणाचा फेस लावला तर बुडबुडे आले. गॅस काढला, ओ-रिंग बदलली. इथवर सगळं बरोबर. पुढे मी दोन ठिकाणी हात आखडला. अण्णा म्हणाले, "पोरा, खर्च बघून कर," म्हणून ड्रायर, म्हणजे गॅसमधली ओल शोषणारा डबा, जुनाच ठेवला. आणि पंप लावून आतली हवा काढायची, म्हणजे व्हॅक्यूम, तो दहा मिनिटं मारला. गेजचा काटा पाऱ्याच्या २५ इंचांवर जाऊन थांबला, मी म्हटलं झालं. गॅस भरला, गार हवा आली, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. वाडीवऱ्हे आलं की गरम हवा. घोटीला ते चहाला थांबले, गाडी बंद करून परत चालू केली तर पुन्हा गार. वीस मिनिटांनी पुन्हा गरम.

मी थर्मोस्टॅट बदलला. मग थोडा गॅस वाढवला. मग क्लचचा रिले बदलला. गॅरेजमध्ये दहा मिनिटं चालवून बघायचो आणि दहा मिनिटं एसी उत्तम चालायचा. अण्णांनी तिन्ही वेळा पैसे दिले, ते मला अजून टोचतं.

चौथ्यांदा मी गेज घेऊन त्यांच्या शेजारीच बसलो. वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे हवा गरम झाली. इंजिन चालू ठेवून गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून गेज लावले. लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा शून्याच्या खाली, व्हॅक्यूममध्ये गेलेला. ज्यांच्याकडे काम शिकलो त्या उस्तादांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "हॉटेलातून गरम पाणी घे, फडकं भिजव, व्हॉल्व्हला गुंडाळ." डॅशबोर्डखाली हात घालून एक्सपान्शन व्हॉल्व्हला ते फडकं धरलं. मिनिटभरात काटा हलला, शून्य ओलांडून वर चढला, आणि माझ्या मनगटावर गार हवा आली.

व्हॉल्व्हमध्ये बर्फ होत होता. आत राहिलेलं पाणी गॅसबरोबर फिरायचं आणि व्हॉल्व्हच्या बारीक भोकाशी, जिथे गॅस एकदम थंड होतो, तिथे गोठून वाट अडवायचं. गाडी बंद केली की बर्फ वितळायचा, म्हणून घोटीनंतर पुन्हा गार.

हे पाणी आत कसं राहिलं ते नीट समजून घ्या, कारण हे मला कोणी समजावलं नव्हतं. व्हॅक्यूम पंप पाणी ओढून काढत नाही. तो आतला दाब इतका उतरवतो की पाणी साध्या तापमानाला उकळतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. इथे पूर्ण व्हॅक्यूम झाला तरी काटा २८ च्या जवळपासच थांबतो. मुंबईत तोच काटा २९ च्या वर जायला हवा. माझा काटा २५ वर होता, म्हणजे आत जवळपास तीन इंच दाब शिल्लक. त्या दाबाला पाणी सुमारे ४५ अंशांना उकळतं. जुलैत आमच्या शेडमध्ये जेमतेम २५ अंश. तासभर पंप चालवला असता तरी पाण्याला काही झालं नसतं. पंपातलं तेल जुनं होऊन दुधाळ झालं होतं, म्हणून तो २५ च्या पुढे जातच नव्हता. वर जुना ड्रायर, आधीच पाणी पिऊन भरलेला. कॉम्प्रेसरचं पॅग ऑइलही हवेतली ओल शोषतं, आणि मी त्या डब्याचं झाकण उघडं ठेवून जेवायला गेलो होतो.

आणखी एक ओळख, हिने तुमचे पैसे वाचतील. कूलिंग कॉइलवरच बर्फ साचला असेल, म्हणजे थर्मोस्टॅट बिघडलाय, तर जाळीतून येणारी हवाच कमी होत जाते. व्हॉल्व्हमध्ये पाणी गोठलं असेल तर हवा पूर्ण जोरात येते, फक्त गरम. मी हा फरक जाळीसमोर हात धरून पहिल्याच दिवशी ओळखू शकलो असतो.

आता सिस्टिम उघडली की ड्रायर नवा. नव्या ड्रायरची बुचं सगळ्यात शेवटी काढतो आणि लगेच पंप लावतो. काटा २७ च्या वर गेल्यावर घड्याळ लावून एक तास. मग गेजचा व्हॉल्व्ह बंद करून वीस मिनिटं काटा बघत बसतो. थोडा वर येऊन थांबला तर आत अजून ओल आहे. चढतच राहिला तर लीकेज आहे. गॅस वजन करून भरतो. उभ्या गाडीत ३० अंशांना १३४ए चा, म्हणजे एसीत भरतात त्या गॅसचा, दाब ९५ पीएसआयच्या जवळपास दिसतो, मग आत २०० ग्रॅम असो की ५००. त्यावरून गॅस पुरेसा आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

लीकेज बंद करणारी बाटली घालू नका, माझ्या मते ती पुढच्या मेकॅनिकवर केलेला अन्याय आहे. घरगुती सिलेंडरचा गॅस तर कधीच नाही. कूलिंग कॉइल केबिनमध्ये असते, ती फुटली तर पेट घेणारा गॅस माणसांच्या पायाशी जमतो. जुना १३४ए हवेत सोडू नका, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा १३०० पटींहून जास्त तापमानवाढ करतो. गॅस काढून साठवणारं रिकव्हरी मशीन आपल्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी न्या.

उस्ताद मला नेहमी म्हणायचे, "तासभर लाव." का ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उस्ताद निवडताना तो किती कमावतो हे बघू नका, "का" विचारल्यावर चिडतो का ते बघा. चिडत असेल तर सहा महिन्यांत गॅरेज बदला. आणि पहिल्या वर्षी गाड्या परत आल्या तर घाबरू नका. सगळ्यांच्या येतात, माझ्या तर रांगेने आल्या. गेजचे काटे वाचायला डोळ्याला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो.

अण्णांच्या गाडीला नवा ड्रायर मी माझ्या पैशाने बसवला, पंपाचं तेल बदललं, तासभर व्हॅक्यूम मारला. संध्याकाळी ते कसारा घाट उतरून थांबले आणि फोन करून म्हणाले, "पोरा, काच वर आहे अजून."