तख्त-ए-सुलेमानला जायचंय? आधी स्वेटर घ्या

तासगावात बेदाण्याचा सौदा संपला की आमच्या अडतीवर चहा येतो आणि चहासोबत एक प्रश्न येतो : "शेठ, ते इराणातलं आगीचं देऊळ बघायला कसं जायचं?" जून २०२४ मध्ये मी मलायेरला तिकडचा बेदाणा बघायला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून तख्त-ए-सुलेमान, म्हणजे तेच देऊळ, बघून आलो. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे, तिथं आग नाही. पेटती आग बघायची तर यझ्दला जा. तिथल्या आतशकद्यात, म्हणजे अग्नीच्या देवळात, काचेपलीकडून कुणालाही दर्शन होतं. आपल्याकडे उदवाड्याला पारशी नसलेल्याला आत सोडत नाहीत. तख्तावर आहेत त्या भिंती, कमानी आणि एक तळं. तळं लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यातच आहे.

मी गेलो तेव्हा विमानाने जाणाऱ्या भारतीयांना पंधरा दिवस व्हिसा लागत नव्हता. ती सवलत फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गेली. म्हणजे आता व्हिसा काढूनच जायचं, आणि त्याच्याही आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचायची. 'जाऊ नका' म्हटलं असेल तर गप घरी बसा, देऊळ कुठं पळून जात नाही. बायकांनी ओढणी ठेवावी, डोकं झाकायचा तिथं कायदा आहे. आपलं कार्ड तिकडं चालत नाही. हमदानच्या हॉटेलात मी कार्ड पुढं केलं, पोरानं ते उलटसुलट बघून अदबीनं परत दिलं. रोख डॉलर किंवा युरो न्या. आणि नोटेवर रियाल छापलेले असले तरी माणसं बोलतात तोमानमध्ये. दहा रियालचा एक तोमान. पहिल्याच चहाला माझं एक शून्य चुकलं. चहावाल्यानं हसत दहातल्या नऊ नोटा परत सरकवल्या.

मी मलायेरहून हमदान, बिजार करत तकाबला पोचलो. तेहरानहून थेट येणाऱ्यांनी झंजानवरून यावं, म्हणजे वाटेत सुलतानियेचा निळा घुमटही होतो. तकाबला मुक्काम करा. तिथून तख्त चाळीसेक किलोमीटर. टॅक्सीवाल्याला म्हणायचं, 'दरबस्त'. म्हणजे अख्खी गाडी आपली, वाटेत दुसरी गिऱ्हाइकं भरायची नाहीत. आपल्या जुन्या इनामाच्या कागदात 'मौजे अमुक दरोबस्त' असतं ना, तोच हा शब्द. 'बेदाणा'सुद्धा त्यांचाच, बे-दाणा, ज्यात दाणा नाही तो. मलायेरात मी नुसतं 'बेदाणा' म्हटलं आणि समोरच्या व्यापाऱ्यानं खुर्ची पुढं ओढली.

जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर. हिवाळ्यात बर्फ असतं, मे ते ऑक्टोबर बरं. मी तासगावच्या जूनच्या हिशेबानं सुती शर्टावर गेलो आणि ड्रायव्हरचं जाकीट घालून फिरलो. सगळ्या फोटोंत तेच जाकीट आहे.

आधी तख्तावर जाऊ नका. अलीकडे तीनेक किलोमीटरवर झिंदान-ए-सुलेमान नावाची पोकळ टेकडी आहे, ती चढा. चढ उभा आहे, बूट चांगले हवेत. वर गेलं की पायाखाली ऐंशीएक मीटर खोल विहीर उघडते. काठावर वाकू नका, दगड सुटे आहेत. सुलेमान, म्हणजे बायबलातला सॉलोमन राजा, इथं राक्षसांना कोंडायचा, असं तिथली माणसं सांगतात. एके काळी यातही पाणी होतं आणि काठाला इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकातलं ठाणं होतं. हे कोरडं तळं बघून मग भरलेल्या तळ्याकडं जायचं, म्हणजे भूगोल डोक्यात बसतो.

तख्ताची टेकडी माणसानं बांधलेली नाही, पाण्यानं बांधली. द्राक्षबागवाल्यांना हे पटकन कळेल. बोअरचं क्षाराचं पाणी ड्रिपला लावलं की नळ्यांत पांढरा थर धरतो आणि ॲसिड सोडून धुवावं लागतं. इथं तोच थर हजारो वर्षं साचत गेला. जमिनीतून चुनखडीचं पाणी वर येतं, काठावरून वाहतं, थर टाकतं, काठ उंच होतो, तळंही वर चढतं. आज ते आजूबाजूच्या खोऱ्यापेक्षा साठेक मीटर उंचावर आहे. पाणी निळं-हिरवं, बारा महिने साधारण २१ अंशांवर. पोहायची बंदी आहे.

या तळ्याच्या उत्तरेला आदुर गुश्नस्प हा अग्नी होता, सासानी, म्हणजे इस्लामच्या आधीच्या, पारशी धर्माच्या इराणी राज्यातल्या तीन मोठ्या अग्नींपैकी एक. फर्नबाग पुरोहितांचा, बुर्झेन-मिह्र शेतकऱ्यांचा आणि हा राजांचा, शिपाईगड्यांचा. नवा राजा गादीवर आला की राजधानीपासून इथवर पायी यायचा, असं जुन्या अरबी भूगोलात लिहिलंय. ती राजधानी म्हणजे तेसिफोन, आज इराकात, बगदादजवळ. वारीला चालणाऱ्यांनी नकाशा उघडून हे अंतर एकदा बघावंच. ६२४ च्या सुमारास रोमन बादशहा हेराक्लियसनं देऊळ फोडलं. पुढं १२७० च्या दशकात मंगोल अबाका खानानं त्याच अवशेषांवर महाल उठवला. त्यामुळे समोरची प्रत्येक कमान अग्नीची समजू नका. गाइड नसेल तर सोपी खूण : तळ्याच्या उत्तरेला विटांचे जाडजूड चौरस खांब शोधा. चार कमानी, वर घुमट, भोवती फिरायला बोळ, असं ते अग्नीचं घर होतं. घुमट गेलाय. खांबांमध्ये उभं राहून दक्षिणेकडं तोंड केलं की पाणी दिसतं. अग्नी आणि पाणी दोन्ही पवित्र मानणाऱ्यांनी हीच जागा का धरली, ते इथं उभं राहिल्यावर समजतं. माझी चूक सांगतो : मी निम्मा वेळ मंगोलांच्या महालात घालवला आणि इथं घाईनं आलो. तुम्ही उलटं करा. बरोबर डबा ठेवा, अख्खा दिवस द्या.

पाचगणीला माझ्या गिऱ्हाईक एक पारशी आजी आहेत. निघताना त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "तिथं आतश नाय, ते माहीत हाय मला. पाणी आण." तळ्याला हात न लावता, तख्ताच्या तटाबाहेर ओघळणाऱ्या पाटातून छोटी बाटली भरली आणि चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणली. दिवाळीचा बेदाणा पोचवायला गेलो तेव्हा ती त्यांच्या खिडकीत होती. आजींनी बाटली उजेडात धरून मला तळ दाखवला. नखाएवढा पांढरा थर बसला होता.