"टक्के कशाचे?" – प्रॉडक्ट कम्प्लायन्समध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

मी केमिस्ट्री शिकून या लायनीत आले आणि पहिले दोन-तीन महिने मला वाटायचं की काम एकदम सोपंय, लॅबचा रिपोर्ट घ्यायचा, कायद्यातली लिमिट बघायची, आकडा खाली असला की पास. मग एक टॉर्च आला. वजन २०० ग्रॅम, त्याला ५ ग्रॅमची मऊ प्लास्टिकची ग्रिप आणि त्या ग्रिपमध्ये डीईएचपी नावाचं थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन) ०.५ टक्के. मी हिशोब केला, २५ मिलिग्रॅम भागिले २०० ग्रॅम, आलं ०.०१२५ टक्के, लिमिट ०.१, झालं की पास! सीनियर मॅडमनी शीट बघितली आणि एवढंच विचारलं, "टक्के कशाचे?"

खरं सांगू का, या फील्डमधलं निम्मं शिक्षण या एका प्रश्नात आहे.

युरोपच्या रीच कायद्यात (२००७ पासून लागू) घातक पदार्थांची कॅंडिडेट लिस्ट असते, साधारण वर्षातून दोनदा वाढते. त्यातला पदार्थ वस्तूत ०.१ टक्क्याच्या वर असेल तर पुढच्या व्यावसायिक ग्राहकाला आपणहून सांगायचं, आणि सामान्य ग्राहकाने विचारलं तर ४५ दिवसांत फुकट उत्तर द्यायचं. पण वस्तू म्हणजे अख्खा टॉर्च की ग्रिप? यावर कंपन्या बरीच वर्षं भांडल्या, शेवटी २०१५ ला युरोपच्या कोर्टाने सांगितलं की ग्रिप आधी स्वतंत्र वस्तू होती ना, मग टॉर्चला बसवल्यावरही ती वस्तूच. म्हणजे भागायचं ५ ग्रॅमने. माझा पास गेला.

बरं, रीचच्या या कलमाने नुसतं कळवायला सांगितलंय, बंदी नाही. कॅंडिडेट लिस्टमध्ये नाव आलं म्हणजे बॅन झालं असं इंटरव्ह्यूत बोलू नका प्लीज, समोरचा तिथेच ओळखतो की वाचलेलं नाही. बंदीची यादी वेगळी, रीचचंच परिशिष्ट १७. पण टॉर्च इलेक्ट्रिकल आहे, म्हणजे त्याला रोह्स (इलेक्ट्रिकल वस्तूंतल्या घातक पदार्थांवरचा युरोपचा कायदा) पण लागू, आणि रोह्समध्ये जुलै २०१९ पासून डीईएचपीला ०.१ टक्क्याची बंदी आहे. तिथे भागायचं कशाने, तर एकजिनसी मटेरियलने, म्हणजे जे हत्याराने आणखी वेगळं करता येत नाही ते. वायर असेल तर तांबं वेगळं, वरचं आवरण वेगळं. अख्खी वायर दळून टेस्ट केलेला रिपोर्ट कुणी पाठवला तर सरळ परत पाठवा, ॲव्हरेज काढलं की सगळंच पास होतं! तर एकच ग्रिप, एका कायद्याने नुसती माहिती द्यायची आणि दुसऱ्याने माल विकताच येत नाही.

आणि कधीकधी टक्के नसतातच. निकेलचं घ्या. अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूत किती निकेल आहे हे विचारतच नाहीत, किती बाहेर सुटतं ते विचारतात, एका चौरस सेंटिमीटरमधून आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम, टोचलेल्या कानात घालायच्या तारेला अजून कडक म्हणजे ०.२. ३०४ नावाच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल ८ टक्क्यांच्या वर असतं पण ते घट्ट धरून बसतं म्हणून बहुतेक वेळा पास होतं, आणि पातळ निकेल प्लेटिंगवाली स्वस्त बक्कल नापास होते. हे मला इतकं आवडलं होतं की घरी सगळ्यांना सांगत सुटले, कुणाला काही पडलेलं नव्हतं.

युनिट पण सांभाळा. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंत शिशाची लिमिट १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग), वरच्या पेंटला ९०. १०० पीपीएम म्हणजे ०.०१ टक्के, ०.१ नाही. हे मी पोस्ट-इट वर लिहून स्क्रीनला चिकटवलं होतं, लाज नाही वाटली.

कोर्स करायचा का असं खूप जण विचारतात. माझं मत, आधी मूळ कायदा वाचा, फुकट मिळतो, आणि त्यातही पहिल्यांदा व्याख्यांचं कलम वाचा, लोक तेच सोडून थेट लिमिटच्या टेबलवर उडी मारतात. लॉ वाले इथे केमिस्ट्रीवाल्यांपेक्षा लवकर रुळतात ते त्याच्यामुळेच.

रोजचं काम मात्र सप्लायरच्या मागे लागायचंच आहे. "आमचं प्रॉडक्ट रीच कम्प्लायंट आहे" असं एका ओळीचं पत्र येतं, कुठली लिस्ट, कुठल्या तारखेची, कुठला पार्ट, काहीच नाही. असं पत्र फाईलला लावून गप्प बसू नका. पदार्थाच्या नावावर पण विसंबू नका, बाजारात डीओपी म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा डीईएचपीच असतं, म्हणून कॅस नंबर मागा, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतःचा ओळख क्रमांक. डीईएचपीचा ११७-८१-७. शेवटचा आकडा चेक डिजिट असतो, आधीचे आकडे उजवीकडून १, २, ३ असे गुणत जा आणि बेरीज करा, इथे ४७ येतात, म्हणून शेवटी ७. सप्लायरने नंबर चुकीचा टाईप केला असेल तर बहुतेक वेळा इथेच पकडला जातो, मी आजही आधी हेच करते.