शिष्यवृत्ती मंजूर, पण आधी पैसे भरा?

बारावीचा निकाल लागला की असे मेसेज येतात: 'शिष्यवृत्ती मंजूर झाली, फाइल पुढे सरकवायला ४९९ रुपये भरा.' भरू नका. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर किंवा केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायला शासन एक रुपयाही घेत नाही. सायबर कॅफेवाला फॉर्म भरून देण्याचे पैसे घेतो, ती त्याची मजुरी. पण पासवर्ड त्याच्याकडे ठेवून येऊ नका आणि अर्जात मोबाइल नंबर आपलाच घाला.

मंजूर रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. कुणी क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील' म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. यूपीआयचा पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. शंका आली तर कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या क्लार्कना मेसेज दाखवा. महाडीबीटीचा अर्ज त्यांच्याच लॉगिनमधून पुढे जातो.

पैसे गेलेच असतील तर घरच्यांच्या भीतीने गप्प बसू नका, मुलांनो. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. रक्कम दुसऱ्या खात्यात वळवली जाण्याआधी कळवलं, तर ती गोठवता येऊ शकते.