पावसाळ्यानंतरचं कपाट: आधी वाळवा, मग लावा

पाऊस परतला आणि ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की कपाट काढायची वेळ झाली. त्याआधी घाई नको. हवा दमट असताना कपडे काढले, घड्या घातल्या आणि दार लावलं, तर ती ओल कपड्यांबरोबर आत कोंडली जाते. सलग तीन-चार दिवस कोरडे गेले की सकाळी नऊला सुरुवात करा, म्हणजे दुपारपर्यंतचं सगळं ऊन हाताशी राहतं.

कपाट एकदम पूर्ण रिकामं करा. एकेक कप्पा आवरत गेलात तर बुरशी फक्त कप्पा बदलते. कपडा काढताना त्याचा वास घ्या आणि उजेडात धरून बघा. कुबट वास किंवा करडे ठिपके म्हणजे बुरशी. बारीक भोकं किंवा कुरतडलेला पृष्ठभाग म्हणजे कसर. कसर म्हणून आपण ज्यांना नावं ठेवतो ते किडे दोन तऱ्हेचे. शेपटीला तीन तंतू असलेला रुपेरी किडा खळीवर, सुतावर आणि कागदावर जगतो. एका लहान पतंगाची अळी लोकर आणि रेशीम खाते, आणि घामाचे, अन्नाचे डाग असले तर तिथून सुरुवात करते. म्हणून एकदाच नेसलेली साडीही तशीच घडी करून ठेवायची नाही. खळ केलेली सुती साडी वर्षभर पडून राहणार असेल तर आधी धुऊन खळ काढून टाका. नेसायच्या वेळी पुन्हा खळ करता येते.

आता कपाट. लोखंडी असेल तर साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. गंजाचे ठिपके पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड प्रायमर लावा, वर रंग द्या, आणि वास जाईपर्यंत कपडे आत ठेवू नका. लाकडी किंवा प्लायचं कपाट असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडकं घट्ट पिळून पुसा. मग दारं उघडी टाकून आत टेबल फॅनचं वारं चार-पाच तास सोडा. बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं कपाट दोन-तीन इंच पुढे ओढा. मागची भिंतच ओली असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

कप्प्यात वर्तमानपत्र अंथरायची सवय सोडा. त्याची शाई कपड्याला लागते आणि कागदातल्या आम्लाने पांढरं कापड पिवळं पडतं. धुतलेल्या जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरायला उत्तम.

सुती कपडे उलटे करून दोन-तीन तास उन्हात, लोकरीचे कोवळ्या उन्हात, रेशमी मात्र सावलीत, वाऱ्यावर. बुरशी आलेला कपडा खोलीत झटकू नका, तिची बीजं घरभर पसरतात. गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून, आधी पूर्ण वाळवा आणि मग मऊ ब्रशने झाडा. ओली बुरशी घासली तर धाग्यात आणखी खोल जाते. त्यानंतर सुती कपडा, रंग पक्का असेल तर, गरम पाण्यात धुवा. पांढऱ्या सुतीवरचा गंजाचा डाग लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवला की फिका होतो. रेशमावर यातलं काहीच करू नका. डाग दाखवून ड्रायक्लीनिंगला द्या.

उन्हातून आणलेले कपडे गरम असतानाच घडी करून कोंबणं ही नेहमीची चूक. पंख्याखाली अर्धा तास पसरून गार होऊ द्या.

पैठणी आणि जरीच्या साड्यांना वेगळा वेळ द्या. खऱ्या जरीत चांदी असते, आणि चांदी गंधकाशी संयोग पावून काळी पडते. रबरबँडमध्ये गंधक असतं, लोकरीतही असतं, म्हणून या दोन्ही गोष्टी जरीजवळ नकोत. अत्तर थेट साडीवर मारू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते. त्याऐवजी धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या मलमलीत एकेक साडी गुंडाळा. जरीचा पदर आतल्या बाजूला घ्या. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर चिरतं. जड पदराची साडी हँगरला लटकवू नका. पदराच्या वजनाने अंग ताणलं जातं.

डांबरगोळ्या वापरायच्या तर पातळ कापडाच्या पुरचुंडीत, वरच्या कप्प्यात ठेवा, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली उतरते. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र ठेवू नका: दोन्ही मिसळले की आपल्या उन्हाळ्यातच वितळतात आणि कपड्यावर तेलकट डाग पडतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीच नको. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटतात. वेखंडाचे तुकडे किंवा सावलीत कुरकुरीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला चांगला, फक्त दर दोन-तीन महिन्यांनी बदला. ओलसर पाला स्वतःच बुरशी आणतो. यांनी किडे दूर राहतात, आत असलेली अळी मरत नाही, त्यामुळे साफसफाई टळत नाही.

परत लावताना निवड करा. ‘वर्षभर घातलं नाही, काढून टाका’ हा नियम शर्ट-कुर्त्यांना ठीक आहे, लग्नकार्याच्या साड्यांना नाही. साडी वापरात नसण्याचं कारण बहुतेक वेळा ब्लाउज असतो. शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते उलटून बघा; दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडवला तरी छातीत दोन इंच मिळतात. फॉल आखडून काठ गोळा झाला असेल तर तो उसवून नवा फॉल भिजवून, वाळवून मगच लावा. मरगळलेल्या रेशमाला रोल पॉलिशने, म्हणजे दुकानात रुळांवरून फिरवून केलेल्या इस्त्रीने, तुकतुकी येते. विरलेल्या मऊ सुती साड्या गोधडीसाठी बाजूला काढा, त्या बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेण्यापेक्षा गोधडी जास्त मोलाची. सिंथेटिक मात्र खुशाल द्या.

जड कपडे खाली, रोजचे डोळ्यांसमोर, आणि एका थप्पीत सहा-सातच. मागे चार बोटं जागा सोडा, हवा खेळायला हवी. साडी, ब्लाउज आणि परकर एकाच मलमलीत बांधा. घडी बदलल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून ती दोऱ्याने बाहेरून बांधा. टाचणी लावू नका, तिचा गंज रेशमात उतरला की निघत नाही.