आधी पिना मोजा, मग ईसीयू घ्या

माझ्या टर्बो गाडीत आजवर तीन ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे संगणकाचे डबे, बसले. पहिला घेताना मी फक्त ताकदीचे आकडे बघितले. ताकद मिळाली, पण सिग्नलला उभं असताना एसी लावला की गाडी दोन आचके देऊन बंद. एसीचं बटण दाबल्याचं कळायला त्या डब्यात इनपुटच उरला नव्हता, त्यामुळे कॉम्प्रेसरचा भार अंगावर पडल्यावरच आयडल सावरायची धडपड सुरू व्हायची.

मुळात नवा डबा लागतोय का, हे आधी तपासा. मूळ ईसीयू रीफ्लॅश होत असेल (त्याच डब्यात बदललेलं सॉफ्टवेअर भरता येत असेल) आणि बदल बेताचे असतील, तर तेच करा. कोल्ड स्टार्ट, इमोबिलायझर, एबीएस आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी कॅनवरून (गाडीतल्या डब्यांना जोडणाऱ्या डेटाच्या तारांवरून) चालणारं बोलणं, सगळं जागच्या जागी राहतं. पिगीबॅक म्हणजे मूळ ईसीयूला सेन्सरचे खोटे आकडे सांगणारा मध्यस्थ. थोड्या बूस्टला (टर्बोच्या जादा दाबाला) चालून जातो. मला पटत नाही.

स्टँडअलोन, म्हणजे मूळ डब्याची जागा घेणारा ईसीयूच घ्यायचा ठरला तर कागदावर दोन रकाने पाडा. एकात इनपुट: क्रँक, कॅम, कूलंट, हवेचं तापमान, मॅप (इनटेकमधला दाब), नॉक (इंधन अवेळी पेटल्याचे ठोके), ऑइल प्रेशर, फ्युएल प्रेशर, वेग, एसी. दुसऱ्यात आउटपुट: इंजेक्टर, कॉइल, पंप, फॅन, एसी क्लच, बूस्ट सोलेनॉइड, टॅको (आरपीएमचा काटा). इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पेडलचे दोन आणि थ्रॉटलचे दोन असे चार अॅनालॉग इनपुट तिथेच संपतात, मोटरच्या दोन पिना वेगळ्या. बेरजेवर तीन-चार पिना मोकळ्या राहायला हव्यात. ऑइल प्रेशर पडलं की इंजिन बंद करणारी सोय मला नंतर सुचली, तेव्हा पिन नव्हती.

इंजेक्टरला मल्टिमीटर लावा. १२ ओहमच्या आसपास आला तर काळजी नाही. २-३ ओहम आला तर पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर (आधी जास्त, मग कमी करंट देणारा) किंवा रेझिस्टर पॅक लागणार. मॅप सेन्सरचा आकडा निरपेक्ष दाबाचा असतो, त्यामुळे २५० केपीएचा सेन्सर समुद्रसपाटीला जेमतेम १.५ बार बूस्टपर्यंत पुरतो. वाइडबँड कंट्रोलर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा) आतच असेल तर उत्तम, एलएसयू ४.९ सेन्सर थेट जोडता येतो.

खरी गोची ट्रिगरची, म्हणजे इंजिन फिरताना कुठे आहे हे सांगणाऱ्या क्रँक-कॅमच्या सिग्नलची. तुमच्या क्रँकचं चाक ३६-१ (३६ दातांपैकी एक गाळलेला) आहे, ६०-२ आहे, की जुन्या निसानसारखी कॅमवरची ३६० खाचांची चकती, आणि सेन्सर व्हीआर (चुंबक-कॉइलचा) की हॉल (इलेक्ट्रॉनिक)? हा नमुना ईसीयूला वाचता येतो का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. ट्रिगर स्कोप (हा सिग्नल पडद्यावर दाखवणारी सोय) नसलेला डबा मी आता घेणारच नाही. दुसऱ्या ईसीयूच्या वेळी ठिणगीचं टायमिंग १० अंशांवर लॉक करून मी क्रँक पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट धरली होती. आयडलला खूण बरोबर जागेवर. ४,००० आरपीएमला नेलं तर खूण हळूहळू सरकत चाललेली! दोन संध्याकाळी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. शेवटी एका मित्राच्या स्कोपवर सिग्नल बघितला, तर व्हीआरच्या दोन वायरी मीच उलट्या जोडल्या होत्या.

ब्रँड सगळ्यात शेवटी, आणि तोही ट्यूनरला (ईसीयू सेट करून देणाऱ्याला) विचारून. हॅल्टेक, लिंक, ईसीयूमास्टर, मॅक्सईसीयू, रस्त्यावरच्या गाडीला यातलं कुठलंही पुरतं. ट्यूनर रोज जे सॉफ्टवेअर उघडतो तेच घ्या, नाहीतर तुमच्या गाडीवर तो शिकणार. मेगास्क्वर्ट या किटच्या ईसीयूवर मी स्वतः सोल्डरिंगपासून शिकलो. हौस असेल तर मजा आहे, पण सोमवारी सकाळी कामावर जायला हीच एक गाडी असेल तर नको.

वाहन तपासणीत ओबीडी पोर्ट (गाडीतले दोष वाचायचं सॉकेट) वाचतात का, तेही विचारून ठेवा. बरेच स्टँडअलोन तिथे गप्प बसतात. आणि मूळ कनेक्टर कापू नका. तुमच्या गाडीसाठी प्लग-इन (मूळ कनेक्टरलाच बसणारा) ईसीयू मिळत असेल तर तोच घ्या. माझा जुना ईसीयू अजून डिकीत, टॉवेलात गुंडाळून ठेवलाय. दोनदा रस्त्याच्या कडेला बसवून त्याच्यावर घरी आलोय.